आधी वाटा शोधा, मग वस्तू: जुन्या डिपार्टमेंट स्टोअरचे बंद मजले कसे पाहावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या, एके काळी नावाजलेल्या डिपार्टमेंट स्टोअरची इमारत आहे. स्टोअर केव्हाच बंद झालं. खाली आता वेगवेगळी दुकानं चालतात आणि वरचे सगळे मजले कित्येक वर्षं कुलुपात आहेत. तुम्हा तिघा मित्रांना ते पाहायचेत, फोटो काढायचेत. मालक परवानगी देणार नाही असं वाटत असल्यामुळे मागच्या जिन्यानं गुपचूप जावं का, वर बघण्यासारखं काय उरलं असेल आणि कशापासून जपावं, हे तुम्ही विचारलंय.

जुन्या व्यापारी इमारतींची पाहणी आणि नोंदणी हे माझं काम आहे. मला तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: रिकाम्या मजल्यावर उभं राहिल्यावर आपण नेमकं काय बघतोय, हे कळणार कसं? ते कळलं की फोटो कशाचे काढायचे हे कळतं, पाय कुठे टाकायचा नाही हे कळतं, आणि मालकाशी काय बोलायचं हेही सुचतं.

माझं उत्तर असं, की आधी वाटा शोधा. डिपार्टमेंट स्टोअर वस्तू मांडण्यासाठी बांधलेलं असतं असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात तिथली सगळी बुद्धी ने-आण करण्यात खर्च झालेली असते. गिऱ्हाईक वरच्या मजल्यांवर न्यायचं, माल मागच्या दारानं आणून पुढे पोचवायचा, काउंटरवरचे पैसे कॅशियरकडे पाठवून सुटे परत आणायचे, शेकडो नोकरांना गिऱ्हाइकाच्या नजरेआड फिरवायचं, आणि इमारतीच्या पोटात उजेड-हवा आणायची. यातल्या प्रत्येकाची वाट वेगळी. स्टोअर बंद होतं तेव्हा काउंटर, कपाटं, पुतळे, झुंबरं लिलावात जातात. भिंतीत आणि जमिनीत मुरलेल्या वाटा कुणी उचलून नेऊ शकत नाही, त्यामुळे वर जे उरतं ते बहुतेक त्यांचंच असतं. तिथले सर्वांत वाईट धोकेही याच वाटांवर असतात.

यातलं किती तुमच्या इमारतीला लागू पडेल हे तिच्या वयावर आणि छतावर अवलंबून आहे. १८७०-८०च्या काळातली, ओतीव लोखंडाचे खांब आणि लाकडी तक्तपोशी असलेली इमारत. १९१०च्या सुमाराची, पोलादी सांगाड्यात भाजक्या मातीच्या पोकळ विटांच्या कमानी बसवलेली इमारत. आणि १९३०च्या दशकातली काँक्रीटची इमारत, या तिघी वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हाताऱ्या होतात. छत शाबूत असेल तर चाळीस वर्षं बंद असलेला मजलाही ठणठणीत सापडतो. छताचं पन्हळ तुंबलेलं असेल तर पाच वर्षांत खालचे दोन मजले पाय ठेवण्याच्या लायकीचे उरत नाहीत. म्हणून इमारत किती वर्षं बंद आहे यापेक्षा ती किती वर्षं गळते आहे, हे मी आधी विचारते.

आता परवानगी. गुपचूप जाऊ नका. कायद्याचा भाग आहेच, पण मला त्याहून मोठी वाटणारी दोन कारणं सांगते. पहिलं म्हणजे, बंद मजल्यावर सगळ्यांत मोलाची गोष्ट असते ती इमारत सांभाळणाऱ्या माणसाची माहिती. कुठला जिना मध्येच तोडलाय, लिफ्टचा कुठला दरवाजा नुसता ढकलला तरी उघडतो, कुठल्या भागातली जमीन मऊ झालीये, हे त्याला ठाऊक असतं आणि ते कागदावर कुठेही नसतं. मागच्या जिन्यानं चढलात तर या माहितीशिवाय चढाल. दुसरं कारण इमारतीच्या बाजूचं. एकदा कुलूप तुटलं की ते इतरांसाठीही तुटतं. तांब्याच्या आणि पितळेच्या चोरांना रिकाम्या इमारतीचा पत्ता असाच लागतो. ते पाइप कापून नेतात, पाणी रात्रभर वाहतं, आणि शंभर वर्षं टिकलेलं छताचं नक्षीकाम एका आठवड्यात खाली येतं. तुम्ही काहीही न चोरता या साखळीची पहिली कडी होऊ शकता.

मालक नाहीच म्हणेल, हे गृहीत धरू नका. मालकाला फोटोंची भीती वाटते, कारण फोटो म्हणजे बदनामी, आणि कुणी पडलं तर जबाबदारी. त्याच्या कामाचं काही दिलंत तर सूर बदलतो. मी साधारण असं सांगते: आम्ही प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा काढू, कुठे गळतंय, कुठे काच फुटलीये, कुठे पारवे शिरतात हे त्यावर दाखवू आणि एक प्रत तुम्हाला देऊ, तुमच्या संमतीशिवाय काहीही प्रसिद्ध करणार नाही. हे पत्र लिहूनच द्या. सोबत इमारतीचा विजेचा आणि पाण्याचा माणूस निदान पहिल्या फेरीला द्या, अशी विनंती करा. ॲस्बेस्टॉसचा (आगीपासून बचावासाठी बांधकामात वापरलं जाणारं तंतुमय खनिज; त्याचे तंतू फुप्फुसांना घातक) तपासणी अहवाल आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. इतकं करूनही नकार आला तर तो मानायचा. बाहेरची बाजू, खालची दुकानं आणि जुनी कागदपत्रं यातूनही इमारत बरीच कळते.

जाण्याआधीचा अभ्यास मी फार गंभीरपणे घेते. मोठ्या शहरांचे विमा कंपन्यांसाठी काढलेले जुने नकाशे असतात. अमेरिकेत सॅनबॉर्नचे आणि ब्रिटन-कॅनडात गोडचे नकाशे प्रसिद्ध आहेत. त्यात भिंती कशाच्या, लिफ्ट कुठे, छतावर काचा कुठे, पाण्याच्या टाक्या कुठे हे खुणांनी दाखवलेलं असतं, कारण आग लागली तर ती कुठून पसरेल हाच विमेवाल्याचा प्रश्न. दुसरा ऐवज म्हणजे स्टोअरच्या जाहिराती आणि कुठल्या मजल्यावर काय मिळतं याच्या छापील याद्या. दोन वेगवेगळ्या दशकांतल्या याद्या शेजारी ठेवा. फर्निचर पाचव्यावरून सातव्यावर गेलं, नववा मजला यादीतून गायबच झाला, अशा गोष्टी लगेच दिसतात आणि वर काय शोधायचं ते ठरतं.

वरचे मजले आधी का ओस पडतात, याचं उत्तरही वाटांमध्येच आहे. माणूस आपणहून वर चढत नाही. म्हणून अत्तरं, हातमोजे, रुमाल, दागिने अशा चटकन घेण्याच्या वस्तू तळमजल्यावर असायच्या. फर्निचर, गालिचे, पडदे, म्हणजे ज्यांच्यासाठी गिऱ्हाईक ठरवून येतं ते, वर. सगळ्यांत वर उपाहारगृह, खेळण्यांचा विभाग, प्रदर्शनाचा हॉल, असं काहीतरी ओढ लावणारं. वर ओढलेली माणसं उतरताना मजल्यामजल्यावर रेंगाळतील, हा हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाईक उपनगरांत आणि तिथल्या मॉलमध्ये गेलं, अवजड सामानाची विक्री शहराबाहेरच्या गोदामवजा दुकानांत गेली, आणि हा हिशेब वरून खाली मोडत आला. आधी सर्वांत वरचा मजला कोठार झाला, मग त्याच्या खालचा. शेवटी स्टोअर बंद पडलं आणि तळमजला तुकड्यांनी भाड्यानं गेला. भाडेकरूला रस्त्यालगतची प्रत्येक हात जागा हवी असते, त्यामुळे वर जाणारा मुख्य जिना तळाशीच कापला गेला. पुष्कळ इमारतींचे वरचे मजले आज रिकामे आहेत ते याचमुळे: त्यांना रस्त्यावरून स्वतःचं दार नाही, सुटकेची दुसरी वाट नाही, म्हणून त्यांना कायदेशीर वापरात आणता येत नाही. तुमच्या इमारतीतही बघा, मोठा जिना पहिल्या मजल्यापाशी एका कोऱ्या भिंतीत घुसून संपतो का.

आता एकेक वाट घेऊ. गिऱ्हाइकाची वाट सर्वांत सजवलेली असते, म्हणून ती आधी ओळखू येते. लोकांसाठीची सुरक्षित लिफ्ट आली तीच मुळी एका दुकानात: न्यूयॉर्कच्या हॉवट इमारतीत २३ मार्च १८५७ रोजी एलिशा ओटिसची वाफेवर चालणारी लिफ्ट सुरू झाली, आणि ती इमारत फक्त पाच मजल्यांची होती. लंडनच्या हॅरॉड्समध्ये १८९८ साली सरकता जिना बसवला तेव्हा वर पोचून गांगरलेल्या गिऱ्हाइकांना ब्रँडी दिली जात असे. वर गेल्यावर लिफ्टच्या रांगेसमोर उभे राहा आणि पाठ लिफ्टकडे करून मजला बघा. ही स्टोअरनं तुमच्यासाठी ठरवलेली पहिली नजर. समोरचा पट्टा बहुधा रुंद असतो, तिथली फरशी वेगळी असते, छताची पट्टी थेट आत नेते. सरकते जिने काढले असतील तर त्यांची मोठी आयताकृती भोकं नंतर बुजवलेली असतात. ती कशानं बुजवली यावर तुमचा जीव अवलंबून आहे. काँक्रीट असेल तर ठीक. पण लाकडी तुळयांवर प्लायवूड टाकून वर गालिचा अंथरलेलाही मी पाहिलाय. एकाएकी आवाज पोकळ आला, किंवा फरशीची नक्षी सरळ रेषेत तुटली, की मी तिथून मागे फिरते.

माझ्या दृष्टीनं सर्वांत श्रीमंत वाट उजेडाची, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. विजेचे दिवे स्वस्त होण्याआधी एवढ्या खोल मजल्यांवर दिवसाचा उजेड आणायचा तर वरूनच आणावा लागे. म्हणून मधोमध मोठा चौक, त्याभोवती सज्जे आणि माथ्यावर काच. पॅरिसच्या बाँ मार्शे या स्टोअरच्या नव्या इमारतीचं काम १८६९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून लोखंड आणि काच यांची ही रचना रुळली. त्याच शहरातल्या गॅलरी लाफाएत स्टोअरचा १९१२ सालचा रंगीत काचेचा घुमट ४३ मीटर उंच आहे. पण विजेच्या ट्यूबलाइट आणि वातानुकूलन आल्यावर हे चौक मालकांना पोकळ जागा वाटू लागले. चौकात स्लॅब घातला की दर मजल्यावर विक्रीची जागा वाढते! गॅलरी लाफाएतचा घुमट राहिला, पण खालचा भव्य जिना १९७४ मध्ये काढून टाकला गेला. ज्या इमारतींना असं नाव नव्हतं तिथे चौकच्या चौक बुजले आणि माथ्यावरची काच डांबराखाली गेली.

बुजवलेला चौक शोधणं हे या पाहणीतलं खरं सुख आहे. मजल्याच्या मध्यभागी खांब एका वर्तुळात किंवा चौरसात जवळजवळ उभे दिसतात आणि त्यांची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त नक्षीदार असते. तिथल्या तुळयांची दिशा बदलते. फॉल्स सीलिंगची एखादी फरशी आधीच गळून पडली असेल तर त्या भोकातून टॉर्च मारा. जुनं प्लास्टरचं छत, त्याची सोनेरी किनार, कधी अख्खा कठडा भिंतीत चिणलेला दिसतो. फरशी स्वतः काढू नका. कारण पुढे येतंच. खिडक्यांचंही तसंच. शिकागोत लुई सलिव्हनच्या स्टोअरला, जे पुढे कार्सन पिरी स्कॉट म्हणून ओळखलं गेलं, भिंतभर खिडक्या होत्या त्या उजेडासाठी. नंतरच्या काळात पुष्कळ स्टोअरांनी खिडक्या आतून फळ्यांनी बंद केल्या, कारण उन्हानं कापड विटतं आणि भिंत मिळाली तर तिथे कपाट उभं करता येतं. फळीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेषा मोजल्या तर मूळ खिडक्यांचा आराखडा तिथल्या तिथे काढता येतो.

पैशाची वाट लोकांना फारशी माहीत नसते. जुन्या स्टोअरात प्रत्येक काउंटरवर गल्ला नसे. पैसे आणि बिल एका छोट्या डब्यात घालून मध्यवर्ती कॅश ऑफिसात पाठवत आणि सुटे पैसे त्याच डब्यातून परत येत. आधी हे डबे तारेवरून किंवा रुळांवरून धावत. नंतर हवेच्या दाबानं चालणाऱ्या पितळी नळ्या आल्या. फिलाडेल्फियाच्या वॉनामेकर स्टोअरनं त्या १८८०च्या सुमारास वापरायला सुरुवात केली. खांबाच्या बुडाशी किंवा काउंटर जिथे होते तिथे जमिनीत मनगटाएवढ्या नळीची तोंडं शोधा, आणि नळ्या कुठे एकवटतात ते बघा. जिथे त्या डझनांनी एकत्र येतात, दार जाड आहे आणि भिंतीला छोटी जाळीदार खिडकी आहे, ते कॅश ऑफिस. उधारीचं खातं ठेवणारी कचेरीही बहुधा त्याच्या शेजारी, मुद्दाम वरच्या मजल्यावर; हप्ता भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला अख्खं दुकान ओलांडून जावं लागावं म्हणून.

मालाच्या वाटेबद्दल थोडक्यात. मालाची लिफ्ट रुंद, तिचे दरवाजे बहुधा वर-खाली उघडणारे, आणि तिच्याभोवती भिंतीला धक्क्यांच्या खुणा. बांधलेली पुडकी खाली सोडायला गोल गोल उतरणारी पत्र्याची घसरगुंडी अनेक स्टोअरांत होती. वरच्या मजल्यावर तिचं तोंड कपाटाच्या दारासारखं दिसतं. कपाट समजून ते उघडलंत तर समोर अनेक मजल्यांची पोकळी असते. तळघरात वाट आणखी लांब जाऊ शकते. शिकागोत रस्त्यांच्या सुमारे ४० फूट खाली, एकमेकांपासून दोन फुटांवरच्या रुळांवर मालगाड्या धावत. ते जाळं सुमारे ६० मैलांचं होतं, मोठी स्टोअरं त्याला जोडलेली होती आणि १९५९ पर्यंत ते चाललं. अशा भुयारी जोडण्या बघायचा मोह होईल. तळघराखाली मात्र हवा तपासणारं यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नका. बंद भुयारात प्राणवायू कमी झालेला असू शकतो आणि तो कमी झालाय हे शरीराला वेळेत कळत नाही.

नोकरवर्गाची वाट मात्र सावकाश बघा. तिथे स्टोअरचा खरा चेहरा आहे. गिऱ्हाइकाच्या बाजूला संगमरवर आणि महोगनी, आणि एक दार ओलांडलं की नुसता चुना, अरुंद जिना आणि हजेरीच्या घड्याळाची जागा. सर्वांत वरच्या मजल्यांवर शिवणकामाच्या खोल्या, टोप्या करणाऱ्या बायकांची टेबलं, घड्याळजींची बाकं, पाट्या रंगवण्याची खोली असायची, कारण या कामांना उत्तरेचा, थेट ऊन नसलेला उजेड लागे. बाँ मार्शेमध्ये अविवाहित विक्रेत्या तरुणींच्या राहण्याच्या लहान खोल्या माथ्यावर होत्या. ब्रिटनमधल्या पुष्कळ दुकानांतही नोकरांना मालकाच्याच छपराखाली राहावं लागे. जाड दार आणि बुचाच्या सालीचं अस्तर असलेली खोली दिसली तर ते लोकरी-केसाळ कोटांचं थंड कोठार. उन्हाळ्यात श्रीमंत गिऱ्हाइकं आपले कोट तिथे ठेवायला देत. या खोल्यांच्या भिंतींवर पेन्सिलीनं लिहिलेले हिशेब, मापं, नावं सापडतात. चौकावरच्या घुमटाचे फोटो शेकड्यांनी निघालेले असतात, या पेन्सिलीच्या ओळींचे कुणी काढत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, तुम्ही काढा.

आता धोके, म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न. पडण्याचा धोका सर्वांत मोठा, आणि तो वाटांवरच, हे वर आलंच: लिफ्टची विवरं, पुडक्यांची घसरगुंडी, बुजवलेली भोकं, काचेची छपरं. काचेवर, ती डांबरानं झाकलेली असली तरी, कधीही पाय देऊ नका. ओल लागलेल्या जागी जमीन वरून धड दिसते, पण आतल्या पोलादी तुळईला गंज चढलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो शेजारच्या पोकळ विटा फोडतो आणि जमीन पेलणाऱ्या कमानीचा आधार जातो. छताला तपकिरी डाग, खाली पडलेले विटांचे पापुद्रे आणि भेगेतून वाढलेलं शेवाळ, यातलं एक जरी दिसलं तरी तो भाग खालून आणि वरून दोन्हीकडून सोडा. चालायचंच असेल तर खांबांच्या जवळून, मुख्य तुळईच्या रेषेवरून, एकामागे एक आणि अंतर ठेवून.

श्वासाचा धोका दिसत नाही म्हणून लोक त्याला हलक्यानं घेतात. पाइपांवरची गुंडाळी, पोलादावर फवारलेला कापसासारखा थर, जुन्या फरश्या आणि त्याखालचा काळा गोंद, छताचे तक्ते, यातल्या कशातही ॲस्बेस्टॉस असू शकतं. न छेडता राहिलं तर ते बहुतेक शांत असतं. फोडलं, खरवडलं, ओढलं की त्याचे तंतू हवेत मिसळतात. फॉल्स सीलिंगची फरशी काढू नका म्हटलं ते यासाठी. जुन्या रंगात शिसं असतं. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेतून फुप्फुसाचे बुरशीजन्य आजार होतात. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क इथे निरुपयोगी आहे. तोंडावर घट्ट बसणारा, बारीक धूळ अडवणारा पी-थ्री दर्जाचा मास्क हवा आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही. घरी गेल्यावर कपडे झटकू नका, ओले करून धुवा. आणि वीज बंद आहे असं कुणी सांगितलं तरी वायर जिवंत समजा, कारण खालच्या दुकानांचे जोड कधीकधी वरच्या मजल्यांवरून फिरून आलेले असतात.

आगीबद्दल स्वतंत्रपणे सांगते, कारण ती वाटांचा सर्वांत भयानक वापर करते. ब्रसेल्सच्या इनोव्हेशन स्टोअरला २२ मे १९६७ रोजी लागलेल्या आगीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. मधला खुला चौक आणि स्वयंचलित फवाऱ्यांचा अभाव यामुळे आग बघता बघता सगळ्या मजल्यांवर पोचली. ओसाकात १३ मे १९७२ रोजी रात्री सेन्निची डिपार्टमेंट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली आणि ११८ माणसं मरण पावली. ती सगळी सातव्या मजल्यावरच्या कॅबरेत होती. आग त्यांच्यापर्यंत गेलीच नव्हती. धूर लिफ्टच्या विवरातून आणि हवेच्या वाहिन्यांतून गेला. तुमच्या इमारतीच्या खाली दुकानं चालू आहेत, वर जिना बहुधा एकच. म्हणून वर मेणबत्ती, धुराचे फटाके, सिगारेट, यातलं काहीही नको. फोटोसाठी धूर सोडण्याची हौस अनेकांना असते, इथे ती विसरा. वर चढल्याबरोबर पहिलं काम उतरायच्या दोन वाटा प्रत्यक्ष चालून बघण्याचं. दुसरी वाट नसेल तर त्या मजल्यावर मी थांबत नाही.

नोंद करण्याची माझी पद्धत साधी आहे. खांबांना क्रमांक द्यायचे, एका दिशेनं अक्षरं, दुसऱ्या दिशेनं आकडे. मग प्रत्येक फोटो कुठल्या खांबापासून कुठे बघून काढला हे लिहायचं. असे साधे फोटो दहा वर्षांनीही उपयोगी पडतात. नुसते देखणे फोटो कुठले आहेत हे काढणाऱ्यालाही आठवत नाही. दर खांबापाशी एक फोटो वर, एक खाली. टॉर्च डोक्याच्या उंचीवर न धरता जमिनीलगत तिरका धरा. काउंटरची रेष, त्यामागे विक्रेतीच्या उभं राहण्यानं झिजलेला पट्टा, खिळ्यांची भोकं, गालिच्याची कड, हे सगळं तिरक्या उजेडात उमटतं आणि समोरच्या फ्लॅशमध्ये नाहीसं होतं.

ही नोंद कशासाठी, असं वाटेल. कॅनडात ईटनच्या दोन स्टोअरांचे वरचे मजले झाक कार्लू या फ्रेंच वास्तुरचनाकारानं सजवले होते. टोरंटोचा सातवा मजला १९३० सालचा. तो १९७०च्या दशकात बंद झाला आणि २००३ मध्ये पुन्हा उघडला. मॉन्ट्रियलच्या नवव्या मजल्यावरचं, आगबोटीच्या भोजनगृहासारखं सजवलेलं उपाहारगृह १९३१चं. ते १९९९ मध्ये बंद पडलं आणि २०२४ मध्ये परत सुरू झालं. डेट्रॉइटचं हडसन्स मात्र १९८३ मध्ये बंद झालं आणि २४ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरुंग लावून पाडलं गेलं. तुमची इमारत यातल्या कुठल्या वाटेला जाईल हे तुमच्या हातात नाही. पण जिथे दुरुस्ती होते तिथे करणाऱ्यांना पहिल्यांदा जुने, जागेची खूण असलेले फोटोच लागतात.

काही उचलून आणू नका, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण एखादी भावपट्टी किंवा पितळी डबा बघून हात शिवशिवतोच. तो डबा नळीच्या तोंडाशी पडलेला आहे म्हणून त्याला अर्थ आहे. फार तर जागेवर फोटो काढा, मोजमाप घ्या आणि मालकाला कळवा, म्हणजे त्याला तो आत कुलुपात ठेवता येईल. प्रसिद्ध करताना आत शिरायची वाट आणि किमती धातू कुठे आहे हे दोन्ही गाळा.

तारीख मागताना एक बघा. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांतली सकाळ मागा. ओल ताजी असते, त्यामुळे कुठली जमीन टाळायची ते डोळ्यांना दिसतं, गळतीच्या जागा नकाशावर अचूक दाखवता येतात, आणि मालकाला पत्रात कबूल केलेला कागद त्याच आठवड्यात त्याच्या हातात देता येतो. पन्हळ साफ करायला त्याला तेवढंच निमित्त लागतं, आणि दुसऱ्या फेरीची किल्ली बहुधा त्यानंतर न मागता मिळते.